तीन गॅस आणि उणे सत्तर

३ फेब्रुवारी
उणे एकतीस! मागच्या खोलीत जुळवलेलं यंत्र चार तास चालवून फक्त उणे एकतीस. साधा डीप फ्रीझरही याच्या आसपास जातो.
लेकीला मी उणे सत्तरचा शब्द देऊन बसलोय. तिच्या प्रयोगशाळेतला मोठा फ्रीझर बंद पडला. तीन वर्षं जमवलेले बुरशीचे नमुने सध्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत, उसन्या कप्प्यात. महिनाअखेरीला तो रिकामा करून द्यायचाय. नमुने वितळले की प्रबंध बोंबलला.
आणि आमची ही विचारते, निदान प्यायचं पाणी तरी गार होतं का यात!

५ फेब्रुवारी
हिला समजावलं. कॉम्प्रेसर एक, गॅस तीन. जड गॅस आधी पातळ होतो, त्याच्या गारव्याने मधला, मधल्याच्या गारव्याने हलका. खरा गारठा हलक्याचा. ही म्हणाली, म्हणजे तुम्हा तिघा भावांसारखंच – थोरला हलल्याशिवाय पुढच्यांचं काही हलत नाही. थोरला मी.
गॅस पेट घेणारे, म्हणून खिडक्या सताड उघड्या. मागच्या खोलीच्या दारावर हिने कागद चिकटवलाय – 'आत काडी ओढू नये.' खाली बारीक अक्षरात – 'आतल्या माणसाचं डोकंही तापवू नये.'

८ फेब्रुवारी
उणे बावन्न! लगेच लेकीला फोन. ही म्हणाली, आता आठवडाभर तुमच्याशी बोलायची सोय नाही.

९ फेब्रुवारी
उणे चव्वेचाळीस. बोलायची सोय झाली.

१२ फेब्रुवारी
उणे अडतीस. नळ्यांना साबणाचं पाणी लावलं, एका जोडावर बुडबुडे – गळती. जोड पक्का केला आणि कमी झालेला गॅस वरून भरला – कॉम्प्रेसरला कान लावून, अंदाजाने. तीस वर्षं फ्रिज असेच दुरुस्त केले, एकदाही चुकलो नाही.
उणे चौतीस. भरल्यावर आणखी बिघडलं! जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी
चूक हिने काढली. ही दवाखान्यात कंपाउंडर, मोजूनमापून औषधं देणारी. विचारलं, कुठला गॅस गळला? म्हटलं, सगळाच, थोडा थोडा. तर म्हणाली, सारखाच कसा गळेल? एखादा जास्त गेला असणार. मग प्रमाण राहिलं कुठे?
फ्रिजमध्ये एकच गॅस, कमी पडला की भरायचा – तीच खोड इथे नडली.
"मिश्रण बिघडलं की त्यात भर घालायची नसते," ती म्हणाली. "सगळं काढायचं आणि पहिल्यापासून करायचं."
हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती. मला वाटलं, हसू दाबतेय.

१७ फेब्रुवारी
जुना गॅस रिकाम्या टाकीत काढून घेतला. टाक्या काट्यावर ठेवून तिन्ही गॅस वजनाने भरले, आकडे हिने लिहिले. ग्रॅमभर जास्त गेला तरी घसा खाकरायची. बायकोच्या हाताखाली काम करणं सोपं नाही, पण मजा आली.

१९ फेब्रुवारी
उणे एकाहत्तर!! सहा तास काटा हलला नाही. लेकीला फोन केला. ती नुसतं म्हणाली, रविवारी येते.
हिने आज एकदाही चिडवलं नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय.

२३ फेब्रुवारी
लेक आली, रिकाम्या हातांनी. नमुने अकरा तारखेलाच वितळून गेले – मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत वीज दिवसभर बंद होती. हिला त्याच संध्याकाळी कळलं होतं. मला सांगितलं असतं तर मी काम सोडून दिलं असतं, असं दोघींचं म्हणणं. आधी भयंकर राग आला, मग रडू आवरेना.
लेकीने झाकण उघडून आत हात धरला. पुन्हा पहिल्यापासून जमवणार आहे म्हणाली.
"बाबा, हे तीन वर्षं चालेल ना?"
म्हटलं, चालवीन.