जुईचे नाव कमी करण्याआधी

प्रति,
मा. कार्यवाह, श्रीमती सुनेत्रा वैशंपायन,
हट खोरे मराठी परिवार, लोअर हट, न्यूझीलंड.

विषय : कु. जुई रणजित सबनीस हिला शनिवारच्या गणित वर्गातून काढण्याचा निर्णय रद्द करण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. १२ मे २०२५ चे पत्र.

महोदया,

१. विद्यापीठात डिफरन्शियल इक्वेशन्स घेऊ इच्छिणाऱ्या मुलांची पूर्वतयारी मी आपल्या सभागृहात करून घेतो. दि. ३ मे रोजी चाचणी घेतली. जुईचे डेरिव्हेटिव्ह पक्के आहेत. इंटिग्रेशन आणि मॅट्रिक्स कच्चे. ती स्वतःच म्हणाली, "सर, आय नीड हीप्स ऑफ टाइम," म्हणजे भरपूर वेळ. म्हणून तिने हा विषय पुढच्या सत्रात घ्यावा, असे मी तिचे वडील श्री. रणजित यांना सांगितले. सर्वांसमोर सांगितले, ही माझी चूक.

२. "माझी मुलगी कच्ची?" असे म्हणून श्री. रणजित यांनी माझी मान धरली आणि तोंड फळ्यावर आपटले. माझे दोन दात पडले. जुई मध्ये आली, तर तिच्या कानाखाली अशी लगावली की ती टेबलावर कोसळली. कानाचा पडदा फाटला आहे. "घरी चल, तिथे दाखवतो तुला," असे म्हणत ते तिला केसांना धरून दाराकडे ओढू लागले. तेव्हा तिने घडीची लोखंडी खुर्ची उचलून त्यांच्या गुडघ्यावर घातली. तीनदा. त्यांच्या हातातून केस सुटले, तशी ती थांबली.

३. आपल्या पत्रात "हिंसा दोघांनीही केली" असे म्हणून बापलेकींना सभागृहात येण्यास बंदी, अशी एकच शिक्षा दिली आहे. पोलिसांनी गुन्हा एकावरच नोंदवला. जुई सध्या मैत्रिणीकडे राहते. काल ती वही घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "सर, मी परत येऊ ना?"

४. एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. पुण्यात एकोणतीस वर्षे मी मुलांना मारले. पट्टीने, डस्टरने. श्याम नावाच्या मुलाला पार्शल फ्रॅक्शन्स आठवेनात म्हणून नाकातून रक्त येईपर्यंत मारले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मला कोणत्याही समितीने पत्र धाडले नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल दिली.

हात उचलणाऱ्याला वर्गात जागा नाही, असा आपला नियम असेल तर यादीतून पहिले नाव माझे खोडावे. जुईने हात उचलला तो सुटण्यासाठी. माझ्यावर तशी वेळ कधीच आली नव्हती.

निर्णय शनिवारपूर्वी कळवावा, ही विनंती.

नम्रपणे,
शशिकांत वि. तांबवेकर
लोअर हट, दि. १५ मे २०२५

सोबत : १. दोन वैद्यकीय दाखले. २. माझा राजीनामा, सही केलेला, तारीख न घातलेला.