मंगळवारचं गिऱ्हाईक

दि. ३ जुलै

चि. ढब्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सारं ठीक. शाळेचं नवं वर्ष सुरू झालंय, त्यामुळे फीच्या खिडकीपुढे रांग आणि खिडकीमागे मी. पावत्या फाडून फाडून अंगठा बधिर झालाय.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. त्यात तुझ्यापेक्षा तुझ्या मित्राचंच कौतुक जास्त. दर मंगळवारी दुकानात येतात म्हणे, तू त्यांच्या घरच्या फोटोंना फुकट चौकटी करून देतोस, परवा तर जेवायलाही आले आणि दोनदा वाढून घेतलं. अरे लबाडा, माझ्या लग्नाच्या फोटोला चौकट करून द्यायला तू मला वर्षभर झुलवलंस आणि वर पैसेही घेतलेस! हा कोण बुवा एवढा लाडका?

तिने असंही लिहिलंय की ते आले की तू नीट जेवत नाहीस. हे वाचलं आणि माझं हसू गेलं. तुझी भूक मेली म्हणजे काहीतरी नक्की बिनसलंय. काय ते स्पष्ट लिही. मी मोठी बहीण आहे, पोलीस नाही.

घरी सगळ्यांची आठवण काढल्याचं सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

दि. ९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं हे बरं झालं. घरी आलं असतं तर हिने वाचायला मागितलं असतं.

तो मित्र नाही. वसुलीवाला आहे.

चौकटीच्या पट्ट्या कापायचं मशीन मी हप्त्यांवर घेतलं होतं, आठवतं? माझी लेक तेव्हा रांगत होती, आता कॉलेजात जाते. महिन्याभरात ते बिघडलं, कंपनीची माणसं येऊन घेऊन गेली आणि व्यवहार मिटला म्हणाली. पुढे कंपनीच बंद पडली. आता कुठल्या तरी तिसऱ्याच लोकांनी तिची जुनी खाती विकत घेतलीत आणि माझ्याकडून व्याजासकट भलीमोठी रक्कम येणं आहे म्हणतात.

तो पहिल्यांदा आला तेव्हा शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दुकानात उभ्या होत्या. त्याने पिशवीतून फाइल काढली आणि माझी बोबडीच वळली. तोंडातून निघून गेलं की या, या, तुमची चौकट तयार आहे. खुर्ची दिली, चहा मागवला, दुसऱ्याच कुणाची तरी चौकट त्याच्या हातात ठेवली. तोही बेरकी. निवांत बसला. पुढच्या मंगळवारी आपल्या मुलांचा फोटो घेऊनच आला. मी चारचौघांत घाबरतो हे त्याने बरोबर हेरलं होतं.

एकदा तो बसलेला असताना ही डबा घेऊन आली. तिलाही मी मित्र म्हणूनच ओळख करून दिली. मग तिने आग्रहाने जेवायला बोलावलं. ताई, माझ्या घरात बसून तो माझ्या लेकीला अभ्यासाचं विचारत होता आणि मला ताटावरून मान वर करवत नव्हती. लाज वाटते गं. पैशांची नाही, या नाटकाची.

आता म्हणतो, एका कागदावर सही करा, दरमहा थोडे थोडे द्या, मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. लेकीच्या फीला ठेवलेले त्यात जातील. तिचं काय करायचं ते मग बघू. येत्या मंगळवारी सही करून टाकतो, एकदाचा सुटेन. हिला यातलं काही कळवू नकोस.

कृपा असू दे, एवढंच मागतो.

तुझा,
ढब्या

दि. १२ जुलै

चि. ढब्यास,

आशीर्वाद. सही करू नकोस. पुढचं पत्र नाही वाचलंस तरी चालेल, पण सही करू नकोस. फोन करून करून थकले, तू कुणाचाच उचलत नाहीस. म्हणून हे कुरिअरने पाठवते आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर वकीलबाई राहतात. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, इतक्या जुन्या येण्यासाठी आता कोर्टात कुणी उभं करत नाही आणि हे त्या माणसालाही पक्कं माहीत आहे. म्हणून तर त्याला तुझी सही हवी. तू सही केलीस की मेलेलं कर्ज आपल्या हाताने जिवंत केलंस. त्याला म्हणावं, कर्ज कुणाचं, किती, मशीन परत नेलं त्याचं काय, हे सगळं लेखी आण. तोवर एक पैसा नाही.

वकीलबाईंना मी विचारलं ते एका ओळखीच्या माणसाचं म्हणून. भावाचं म्हणून नाही. आता लिहितेच.

मे महिन्यात त्या लोकांचा फोन शाळेच्या ऑफिसात आला होता. मशीनच्या हप्त्यांसाठी केलेल्या तुझ्या जुन्या अर्जावर माझं नाव असणार. तो माणूस मुद्दाम मोठ्याने बोलत होता. बाकीच्यांनी माना वर केल्या, हेडक्लार्कने लिहिणं थांबवलं. पैशांच्या खिडकीवर बसणारी बाई मी, आणि माझा भाऊ कर्जबुडवा! माझ्या तोंडून निघालं की मला भाऊच नाही. हेही मोठ्यानेच, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. ते खरं की खोटं, हे तुला एका शब्दाने विचारलं नाही. वर गेल्या पत्रात साळसूदपणे विनोद केले. माझी मला शरम वाटते, ढब्या.

राग धर, पण सही करू नकोस.

तुझी,
ताई

दि. १६ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सही केली नाही.

काल तो कागद आणि पेन घेऊनच बसला. दुकानात डॉक्टरीणबाई होत्या, आणखी दोघं होते. मी त्यांच्यासमोरच म्हटलं की हा माझा मित्र नाही, गिऱ्हाईकही नाही, वसुलीला आलाय, आणि आधी सगळं लेखी आणल्याशिवाय मी काही देणार नाही. आवाज चिरकला माझा. डॉक्टरीणबाई भिंतीवरच्या चौकटी बघत राहिल्या. कान असे तापले म्हणून सांगू! तो मात्र उठून दारातून ओरडला की पुढच्या मंगळवारी साहेबांना घेऊन येतो आणि भर रस्त्यात तमाशा करतो.

घरी जाऊन हिला सगळं सांगितलं. कर्जाचं तिने मनावर घेतलं नाही. त्याला मी माझ्या हातांनी वाढत होते आणि तुम्ही वाढू दिलंत, एवढंच म्हणाली. तेव्हापासून कामापुरतं बोलते.

राहिलं तुझ्या फोनचं. ते मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी, डॉक्टरीणबाई गेल्यावर त्याने चहा पिता पिता सांगितलं की तुमची बहीण तर म्हणते तिला भाऊच नाही. म्हणून तुला कळवलं नव्हतं. नसलेल्या भावाने कोणत्या तोंडाने लिहायचं? रागावलो नाही गं. मीही त्याला मित्र म्हटलंच की! पण लागलं फार.

येत्या मंगळवारची भीती वाटते. दुकान बंद ठेवावं असं मनात येतंय.

लोभ आटू देऊ नकोस.

ढब्या

दि. १९ जुलै

चि. ढब्यास,

आशीर्वाद. दुकान बंद ठेवायचं नाही.

आज रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, भावाकडे जायचे आहे. हेडक्लार्कने चष्मा वर केला आणि सगळ्यांदेखत विचारलं की तुम्हाला तर भाऊ नव्हता ना. मी म्हटलं, आहे, सख्खा आहे, त्या दिवशी मी खोटं बोलले. आणि रजा घेतली.

मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आत पोहोचते. साहेब येवोत नाहीतर आणखी कुणी, दारातली खुर्ची माझी. मी कोण, असं कुणी विचारलं तर तू बोलू नकोस. मी सांगेन.

तुझीच,
ताई