हिरव्या बांगड्यांचे हात

१९ एप्रिल, रविवार
भाची ऋजुता सकाळच्या गाडीने पुण्याहून आली, दुपारच्या गाडीने गेली. मधल्या चार तासांत माझा सगळा धंदा तिने फोनमध्ये बसवला. धंदा म्हणजे करवंदाचा जॅम. मुरंबा नव्हे, जॅम. शाळेत सिस्टरांनी शिकवला तसा. ऋ.चं म्हणणं, मी दिवसभर फोन हातात घेऊन बसते आणि पातेलं करपतं. (एकदाच करपलं होतं.) आता म्हणे महिन्याभराच्या पोस्ट एका बैठकीत तयार, ठरल्या दिवशी आपोआप जातील. गिऱ्हाइकांना उत्तरंही आपोआप.
"मावशी, तू फक्त जॅम कर. पेजकडे बघूसुद्धा नकोस."
बघूसुद्धा नकोस! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं काढली. माझ्या लाइनवर कोण काय बोलतंय हे मला माहीत नाही असं कधी... असो.

२१ एप्रिल, मंगळवार
ठकूबाई आली. मंगळवार-शुक्रवार, भुशीच्या वरच्या वाडीतून, डोक्यावर पाटी. करवंदं उत्तम. निम्मी काळी, निम्मी लालसर. जॅमला तशीच लागतात, तिला सांगावं लागत नाही. मनगटापर्यंत ओरखडे. गेल्या वर्षी दिलेल्या हातमोज्यांचं काय झालं विचारलं.
"त्ये व्हय? ठिवल्यात जपून. सनासुदीला घालीन."
"ठकूबाई, काटे सणासुदीला लागतात का?"
"काट्याची सवय झालीया, बाई. तुमच्या जिभंची झाली तशी."
संध्याकाळी तळेगावच्या एका गिऱ्हाईकबाईंचा फोन. बरण्या मागितल्या होत्या, तर म्हणे माझं उत्तर आलं, 'हो, नक्की! लवकरच पाठवतो.' पाठवतो! चौसष्ट वर्षांत मी स्वतःबद्दल पुल्लिंगी बोललेली नाही. कोण पुरुष आणून बसवलाय ऋ.ने?

२४ एप्रिल, शुक्रवार
ठ. आली नाही. फाटकाची कडी दुपारपर्यंत काढून ठेवली होती. निरोप नाही.

२८ एप्रिल, मंगळवार
आजही नाही. बारा वर्षांत चुकली ती एकदाच, सून बाळंत झाली तेव्हा. लेबलं लावलेल्या रिकाम्या बरण्या माझ्याकडे बघतायत. करवंदं अजून तीन-चार आठवडे, मग संपलं वर्ष. बाजारातली पिकून लिबलिबीत, ती मी पातेल्यात घालणार नाही.
शेजारच्या कुसुमताई: "अहो, बंगलेवाले गाठतात हल्ली या बायकांना. फार्महाउसला लागतं सगळं गावरान."
लगेच पटलं.

२९ एप्रिल, बुधवार
रिक्षा करून भुशीच्या रस्त्याला गेले. दुसरं काही काम नव्हतं. वहीत तरी खोटं कशाला. वळणावर ठ. बसलेली. पुढ्यात तीच पाटी, पानांचे द्रोण, करवंदं. मुंबईची मंडळी फोटो काढत होती. तिने मला पाहिलं. मी पाहिलं हेही पाहिलं.
रिक्षावाला म्हणाला, "थांबू का, मॅडम?"
म्हटलं, "कशाला?"
बारा वर्षं! आणि एक शब्द तोंडातून काढता येत नाही?

१ मे, शुक्रवार
ठ.ची सून मनीषा. हॉटेलात चादरी धुते, कामावर जाता जाता फाटकाशी थांबली. ये म्हटलं तर आत आली नाही. पिशवीतून हातमोजे काढले. कोरे करकरीत.
"आत्यांनी माघारी दिल्यात. म्हनल्या, त्या दुसऱ्या बाईला द्या."
"कोणती दुसरी बाई?"
तिने फोन पुढे केला. माझंच पेज. तेवीस तारीख, गुरुवार, सकाळी सहा. 'आज पहाटे वेचलेली करवंदं आमच्या दारात!' खाली दोन हात, ओंजळभर करवंदं. हात गोरे, नितळ, आणि हिरव्या बांगड्यांनी भरलेले.
"आत्यांनी लय येळ बगितलं. म्हनल्या, एक वरखडा न्हाई बया हातावर."
गुरुवारी माझ्या दारात कुणी आलं नव्हतं. आणि ठ.च्या हातात नवरा गेल्यापासून बांगडी नाही. हे मला ठाऊक, तिच्या सुनेला ठाऊक. फोनला कुठून असणार?
आणि मी तिला बंगलेवाल्यांच्या...
 

२ मे, शनिवार
ऋ.ला फोन.
"अगं, नेटवर मिळाला फोटो. छान होता. कुणाला कळतंय?"
"जिला कळायचं तिला कळलं."
"मग सांग ना तिला, शेड्यूल केलेली पोस्ट होती."
हे ठ.ला कसं सांगायचं? नंतर लागेल म्हणून थोडं खोटं आधीच बोलून ठेवलं होतं, असं? महिनाभराच्या पोस्ट ऋ.ने वाचून दाखवल्या. सगळ्यांची सुरुवात 'आज पहाटे'. सगळ्या काढायला लावल्या. तो 'पाठवतो'वालाही काढायला लावला. पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतला. रागावलीय. रागावू दे.

३ मे, रविवार
या वेळी रिक्षातून उतरले. ठ.च्या शेजारी दगडावर बसले, सगळं सांगितलं.
"म्हंजी त्यो फोटू कुनाचाच न्हाई?"
"कुणाचा तरी असेल. आपला नाही."
"आन करवंदं?"
"तीही नाहीत."
"मंग इकायला काय ठिवलंवतं, बाई?"
 मी उलट विचारलं, घरी येऊन चार शिव्या का घातल्या नाहीस?
"तुमी तरी बुदवारी कुटं उतरला रिक्षातनं?"
हातमोजे पाटीशेजारी ठेवले. तिने घेतले नाहीत, ढकललेही नाहीत. मंगळवारचं विचारलं.
"बगू. आले तर आले."
मग एका गिऱ्हाइकाला द्रोण देताना, मोठ्याने: "घ्या ताई, आजचीच हायती. हात बगा माजं."
ते मला होतं.

४ मे, सोमवार
नवीन नियम. फोन अकरा ते साडेअकरा, बाकी वेळ कपाटात. उत्तरं मी स्वतः देणार, सगळी एका बैठकीत, आणि 'पाठवते'. पोस्ट त्याच गोष्टीची, जी त्या दिवशी या घरात घडली. काही घडलं नाही तर पोस्ट नाही.
आजची: घासून उन्हात पालथं घातलेलं पातेलं. खाली लिहिलं, 'करवंदं नाहीत. तेवीस तारखेलाही नव्हती. फोटोतले हात भलत्याच कुणाचे होते. ज्या खरोखर करवंदं आणतात त्या रागावल्या आहेत, आणि ते बरोबर आहे.'
ऋ.: "मावशी, असं कुणी लिहितं का???"
तळेगावच्या बाई: "थांबते." एवढंच. या बाई मला आवडायला लागल्यात.

५ मे, मंगळवार
सातला कडी काढली. आठ. नऊ. दहाला कुसुमताई विचारून गेल्या, आली का? 
अकराला फोन उघडला. मनीषाच्या नंबरवरून फोटो. शब्द एक नाही. रापलेले दोन हात, बोटांना चीक, मनगटावर ओरखडे, बांगडी नाही. ओंजळीत करवंदं, निम्मी काळी, निम्मी लालसर. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिचेच हात.
पण फोटो आजचा कशावरून? आणि हे 'येते' आहे, की 'बसा बघत'?
विचारलं नाही. आता तो हक्क तिचा.
सव्वाबारा. पातेलं आत आणून शेगडीवर ठेवलंय. कडी काढलेलीच आहे.