आठाचा भोंगा

॥ ॐ नमः शिवाय ॥

उदगीर,
ता. ११ डिसेंबर १९८६

ती. महादेवी अक्कास,

नीलम्माची शरणु शरणार्थी. दाजींनाही सांग. इकडं सर्व खुशाल आहे, असं दर खेपेला लिहिते तसं ह्याही खेपेला लिहून टाकलं. पुढं पेन अडलं. म्हणून आधी बाकीचं सांगते.

ह्यांचा डावा हात अजून उचलत न्हाई, पण जीभ सुटलीय. काल भाजीत मीठ कमी म्हणून मला चार शब्द ऐकवले. लई बरं वाटलं बघ. पाण्याचं विचारूच नको. आपल्या डाळमिलच्या आडात चिमणीची चोच भिजंल एवढंही पाणी न्हाई, टँकर तिसऱ्या दिवशी येतो. जिल्हा नवा झाला तेव्हा इथं केवढे पेढे वाटले होते! आता अर्ज घेऊन उस्मानाबादला न जाता लातूरला जायचं, एवढाच फरक. मिलला तूर मिळावी म्हणून मागल्या महिन्यात गेले होते. तिथले साहेब म्हणाले, "बाई, तूर पिकवायचा अर्ज आमच्याकडं नसतो." खरंच होतं त्यांचं, पण मला रागच आला.

तूर रानातच उभी वाळली, अक्का. संक्रांतीला मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते, ह्या साली पोतं दिसायचं न्हाई असं अडते उघड बोलून राहिलेत. मिलमध्ये भरडायला दाणा न्हाई. आणि डाळ निवडणाऱ्या बत्तीस बाया माझ्या भरवशावर बसून आहेत.

मामंजी म्हणायचे, गादीवरच्या माणसानं कपाळावर इभूत दाखवावी, आठी दाखवू नये. मालकाच्या तोंडावर काळजी दिसली की आधी बाजार पळतो, मग माणसं. ह्यांना लकवा होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून गादीवर मी बसते. पूजा करायची, इभूत लावायची, आठाला भोंगा वाजवायचा आणि हसत बसायचं. सगळे म्हणतात, बाई काय धीराची! तूही म्हणतेस. खरं सांगू, मला ते ऐकायची चटकच लागली.

आता जे टाळून राहिले ते लिहिते. दाजींना वाचून दाखवायच्या आधी तू एकटी वाच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचा मुकादम सटवाजी आमच्या बायांच्या वस्तीवर आला. कारखान्यावर न्यायला त्याला नवराबायकोच्या जोड्या पाहिजे होत्या. साखराबाई तुला आठवत असेल, निवडणाऱ्या बायांची म्होरकी, माझ्या लग्नाआधीपासून मिलमध्ये आहे. ती घरी आली. बायांना त्या दिवशी सणाची सुट्टी होती. "बाई, जावं का ऱ्हावं?" एवढंच विचारलं तिनं. मी हसून म्हणाले, "ऐक की, मिल चालूच हाय. कर्नाटकातून माल येऊन राहिला."

मिल चालू होती, हाव. मुकादम आल्याचं कळल्याबरोबर मीच मोटर लावायला सांगितली होती. भरडायच्या चाकीत एक दाणा नव्हता. नुसता आवाज वस्तीपर्यंत जावा म्हणून ती फिरवत ठेवली. बाया राहिल्या. सटवाजी दुसऱ्या गावच्या जोड्या भरून गेला.

माझ्या मनात काय होतं तेही ऐक. निवडायला बसणारी बाई एकदा गेली की परत येत न्हाई. मिल बंद पडली असती आणि गाव म्हणालं असतं, बाईच्या हाती गेली अन् बुडाली. त्या बोलण्याला भिऊन मी बत्तीस घरं अडवून ठेवली.

काल दुपारी साखराबाई परत आली. म्हणाली, "आज वस्तीत चार चुली पेटल्या न्हाईत, बाई. आता तरी खरं सांगा." आणि अक्का, माझं तोंड पुन्हा हसलं! म्हणाले, "बिदरहून ट्रक निघालाय." ती हळूच म्हणाली, "दसऱ्याला बी चाकी रिकामी व्हती. भरली चाकी घुमती, रिकामी किंचाळती. वीस वर्सं ऐकून राहिले मी."

मी म्हणाले, "मग राहिलीस का गं?"

"तुमच्या तोंडाकडं बगितलं. म्हणलं, बाईला कायतरी ठावं आसंल, त्याबिगर कुणी इतकं निवांत हसतं का?"

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आज पूजेला बसले, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि ते घरंगळून मांडीवर पडलं. आपल्या आईच्या हातून उभ्या जन्मात असं झालं न्हाई. कुणाला सांगितलं न्हाई मी. उचलून डोळ्याला लावलं आणि तशीच रडत बसले. मला भ्या वाटतंय अक्का, मिलचं न्हाई, माझ्या ह्या हसऱ्या तोंडाचंच.

सटवाजीच्या जोड्या भरल्या, तो आता घेणार न्हाई. विष्णुपुरीच्या धरणावर दाजी खडी पुरवतात ना? तिथं बत्तीस बायांना काम आणि डोक्यावर पत्रा मिळेल का, विचार. नसेल तर नसेल म्हणून कळव. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून 'बघू' लिहू नको.

हे पत्र नांदेडच्या एसटीनं जाणाऱ्या माणसाकडं देऊन राहिले. आज भोंगा वाजवणार न्हाई. फाटकात उभी राहून सांगणार, चाकी रिकामी होती, ट्रक निघालाच न्हाई.

आठ वाजून गेले. भोंगा न वाजताही बाया आल्यात. साखराबाई पुढं उभी आहे, माझ्या तोंडाकडं बघतीय.

वर 'खुशाल' लिहिलंय, ते तूच खोड.

तुझी, लई भ्यालेली,
नीलम्मा