दस्त्याचा बाक

बुध., १२ नोव्हें.
अंधेरीच्या दुकानात आज मुलुंडची तन्वी. एकोणीस वर्षांची, हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करते. बंदूक बापाची, खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ताही बापाच्या मापाचा. छर्रे तबकडीच्या वरून जातात म्हणे. सोबत कोच देसाई. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल, तोही दुकानात! "परबकाका, दस्ता खाली वाकवा, झकास होईल." चाळीस वर्षं दस्ते वाकवतोय, आता हा शिकवणार.
रिकामी बंदूक तिच्या खांद्याला लावून माप घेतलं. मी समोर, नळीवरून तिचा डोळा बघत. मागून देसाई सारखा, "मान पुढे, मान पुढे!" डोळा खरंच वर दिसत होता. लिहून घेतलं: पाव इंच खाली. निवड चाचणी २२ला, शनिवारी.

शुक्र., १४
दस्ता सुटा करून घाटकोपरला घरी आणला. बंदूक दुकानात. मूठ धरतो त्या बारीक भागावर गरम जवसाचं तेल ओतत बसलो, दोन तास. मग शिकंज्यात आवळला, एकेक पाव फेरा. बायको, मंगल, खिडक्या उघडत फिरते: "घर आहे की तेलाचा घाणा?" शेजारचा सावंत विचारतो, ओव्हनमध्ये पटकन नाही का होत? होतं रे, आधी तुझं डोकं घालून बघ.
अक्रोड आहे. घाई केली की तडकतं.

मंगळ., १८
दस्ता दुकानात नेऊन बंदुकीला परत बसवला. तन्वी एकटीच आली. म्हटलं, डोळे मिटून बंदूक खांद्याला लाव, मग उघड. उघडले तर डोळा नळीच्या मागे बुडालेला. "काका, पुढचं काहीच दिसत नाय." तीनदा केलं, तीनदा तेच.
एकटी असली की ही मान पुढे काढतच नाही! मस्त सरळ उभी राहते. त्या गाढवाने ओरडून ओरडून मान ताणायला लावली, गाल पुढे गेला, दस्ता उंच आहे तिथे टेकला, म्हणून नेम वर. दस्ता मुळात बरोबर होता.
आणि मी? चाळीस वर्षांचा शहाणा, देसाईच्या आवाजाचं माप घेऊन बसलो. माप घेताना बाकीच्यांना बाहेर काढायचं, हे उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. देसाईला काय बोलू, थू माझ्यावर.
तिला सगळं खरं सांगितलं. तेच लाकूड परत वर वाकवलं तर तडकू शकतं, तेही. दुसरी बंदूक नाही, नवा दस्ता चार दिवसांत होत नाही. "वाकवा काका," एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

गुरु., २०
दस्ता परत घरी, परत तेल, परत शिकंजा, उलट्या बाजूने. देसाईचा फोन: "मग, झकास ना?" ह्या माणसाला लाज फुकट वाटली तरी घेणार नाही. फोन ठेवला. शेवटच्या फेऱ्याला बारीक टक्. शिकंजा की लाकूड, कळलं नाही.

शुक्र., २१
शिकंजा सोडला. बाक पूर्ववत, अगदी बरोबर. पण मुठीखाली केसाएवढी रेघ. पॉलिशची असेल, लाकडाचीही असेल, आणि लाकडाची असली तर बार उडताना दस्ता गालाशीच फुटेल. मलाच सांगता येत नाही.
तन्वी दस्ता न्यायला घरीच आली. रेघ दाखवली. तिने नख फिरवून बघितलं. "काका, तुमची मुलगी असती तर उद्या हा दस्ता गालाला लावू दिला असतात?"
जगातल्या प्रत्येकाबद्दल माझं मत तयार असतं. चहा टाकतो म्हणून आत आलो. ती बाहेर बसलीये, चहा केव्हाच उकळला, आणि मी हे लिहितोय.