तुर्कस्तानने निहारला नेले

शांती नगर, मीरा रोड

तीर्थस्वरूप अण्णांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे साष्टांग कागदावरच.) मोतीबिंदूचा डोळा कसा आहे? वहिनी थेंब वेळेवर घालतात ना?

इथे सर्व ठीक, असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं लिहवत नाही. तुमचा भाचा आता परत येत नाही, अण्णा.

डॉक्टर व्हायला त्याला किरगिझस्तानात पाठवला. (आमच्या कॉन्व्हेंटच्या नकाशात तिथे नुसता रशियाचा गुलाबी रंग होता. सिस्टर म्हणायच्या, एवढं ओळखलंत तरी पास. किती सोपं होतं जग!) तिथे तुर्कस्तानने म्हणे तुर्की भाषेचे वर्ग उघडलेत. शिकवणी फुकट, वर चहा, मालिका आणि अंकाऱ्याची शिष्यवृत्ती. किरगिझ, कझाक, उझबेक, सगळे आपलेच भाऊ, बोली एकाच घरातल्या, आता लिपीही एकच घ्या, असं त्यांचं धोरण. माझं धोरण म्हणजे दर सहा महिन्यांनी मेतकुटाचा डबा. कसा टिकाव लागणार?

परवा निहारने एका गोड मुलीचा फोटो पाठवला. खाली रोमन लिपीत दोनच शब्द. मी वाचले, ‘आई, गेली न’. (घाईत अक्षरं खायची त्याची सवय जुनीच.) मला रडूच फुटलं. एवढ्या कोवळ्या वयात! लगेच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पाठवलं, हात जोडून. शेजारच्या शैलाबेन धावत आल्या, “उर्मिलाबेन, कौन गुजर गया?” तेवढ्यात निहारचा फोन. “आई, काय करतेयस! ‘गेलिन’ म्हणजे तुर्कीत सून!”

मुलगी आयजान, त्याच वर्गातली. लग्न करून दोघं अंकाऱ्याला जाणार. तुम्ही पस्तीस वर्षं परराष्ट्र खात्यात होतात. (टपाल विभागात का असेना.) कुणाच्या तरी कानावर घाला, की शेजाऱ्यापाजाऱ्यांवर प्रेम करा, पण आमची मुलं सोडा.

तुमची,
उर्मिला

ता. क. तूर्त कुणाच्या कानावर काही घालू नका. आयजानची आई म्हणते, मुलीला मागणी घालायला मुलाकडचं वडीलधारं माणूस हवं. हे असते तर गेलो असतो दोघं. मला एकटीला धीर होत नाही. याल का बरोबर? तुमचा पासपोर्ट चालू आहे ना?

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात आयजानचाच फोन आला. लाजत म्हणाली, ‘अन्ने’. मी म्हटलं, अण्णा नाशिकला असतात, आणि तुमचा नंबर दिला. मग निहारने सांगितलं, तुर्कीत आईला तसं म्हणतात. तेव्हा अण्णा, तिचा फोन आलाच तर ठेवून देऊ नका. तो माझा आहे.