अर्ध्या दाढीची जागा

मी, खाली सही करणारी बाई, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हात कापतो, पण तो वयाने. कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेत नाही. वकिलाने नमुना पाठवला होता, त्यातलं निम्मं कळलं नाही, म्हणून माझं मीच लिहिते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम एक. राहतं घर मुलाला आणि सूनबाईला मिळून. अट एकच. न्हाणीघराबाहेर भिंतीला आरसा आहे, खाली फळी, फळीवर दाढीचा मग, ब्रश आणि वस्तरा. त्याच्यापुढे मी दोरी बांधलीय. दोरीच्या आत कुणी हात घालायचा नाही. पुसायचं नाही, सरकवायचं नाही. आणि म्हणूनच घर विकायचं नाही.

कलम दोन. का, ते. मुलाला अर्धवट माहीत आहे, सुनेला काहीच नाही.

मी स्टुडिओत प्रॉपर्टी सांभाळायची. सिनेमातल्या घरात कप कुठे, चष्मा कुठे, उशीला खळगा कुठल्या बाजूला, हे माझं काम. आमचे हे लाइटमन. छताला टांगलेल्या फळ्यांवर उभं राहून दिवे फिरवायचे. आमच्यात एक नियम असतो. सीन अर्धा राहिला तर सेटला हात लावायचा नाही. दोरी बांधायची नि घरी जायचं. विझलेली विडीसुद्धा तशीच. पुढचं काम तिथूनच सुरू.

त्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. निवांत दाढी चालली होती. तेवढ्यात बोलावणं आलं, बदली माणूस आला नाही म्हणून. उजवी बाजू झाली होती. डावीकडचा साबण टॉवेलने पुसला आणि म्हणाले, "आलोच. उरलेली येऊन करतो."

स्टुडिओत पायाखालची फळी सरकली. वरून खाली आले ते गेलेच.

न्यायच्या आधी मेकअपदादा, ह्यांचा जिवाचा दोस्त, पेटी घेऊन आला. "वहिनी, राहिलेली बाजू करून घेतो. असा नको जायला."

माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नका, सीन अर्धा आहे."

जिभेला रोजची सवय. कुणी हसलं नाही. दादाने पेटी मिटली. हे तसेच गेले. मी घरी येऊन दोरी बांधली. सकाळी बघते तर ब्रश ओला.

मी घाबरणारी नाही. मगात पाणी घालत राहिले, एवढंच. पाण्यावर बारीक केस तरंगायचे, काळे. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हाही काळेच. मग करडे झाले. आता पांढरेफटक. भिंतीवरचा ह्यांचा फोटो बघा, त्यात एक केस पांढरा नाही. माझ्याबरोबर म्हातारे होतायत. पण करतात ती एकच बाजू, झालेलीच, पुन्हापुन्हा. डावी कुठवर वाढली असेल, तो विचार मी करत नाही.

कलम तीन. बँकेत जे असेल ते नातीला. तिच्या बापाने त्यावर डोळा ठेवू नये. स्टुडिओतली ट्रंक मेकअपदादाला. त्यात पोकळ पुस्तकं आणि न वाजणारे फोन आहेत. एक फोन मध्येच वाजतो. उचलू नये.

कलम चार. त्या वेळचा दिग्दर्शक. हे खाली पडल्यावर तो म्हणाला, "दुसरा कुणीतरी वर चढा, शिफ्ट संपतेय." अजून जिवंत आहे म्हणतात. मी गेल्यावर भेटायला आला तर चहासुद्धा विचारू नये.

कलम पाच. इथवर लिहून जरा पडले होते. उठले तर सूनबाई हात पुसत उभी.

"आई, काय तो मग! घासूनपुसून लख्ख केला बघा. दोरी पण टाकून दिली, कुजली होती नुसती."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? उद्या घर बघायला माणसं येणारेत."

मी मुलाकडे बघितलं. तो चपलांकडे बघत होता. "नुसतं बघायला गं, आई. बघायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश कोरडा ठणठणीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला रडू आलं. इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सूनबाई ओरडली, "आई! तुम्ही इथे केस कापलेत?"

"माझे राहिलेत कुठे एवढे?"

सिंकमध्ये पांढरा झुपका पडला होता, हातभर लांब. शेजारी भाजीची कात्री, ओली. मुलगा आला, बघितलं आणि फरशीवरच बसला. घर बघायला येणाऱ्यांना त्यानेच फोन केला, "नका येऊ."

मला मात्र तेव्हा उमगलं. दोरी माझी. ती होती तोवर सीन पुढे सरकणार कसा? सुनेने सेट मोडला आणि हे डाव्या बाजूला लागले.

कलम सहा. कलम एकमधली अट रद्द. सूनबाईला बोल लावू नये, तिने चांगलंच केलं. ह्यांची दाढी पुरी झाली की घर विका, भाड्याने द्या. मला विचारायला येऊ नका, मी नसेन. हे हाक मारतील आणि मी जाईन. केस विंचरून बसलेय.

साक्षीला मेकअपदादाला बोलावलं. त्याने आधी सिंक बघितलं. आज तिथे बारीक केस आहेत, साबणात कालवलेले. चिमटीत धरून उजेडात नेले.

"वहिनी, गाल झाला. हे हनुवटीचे."

"म्हणजे राहिलं किती?"

"गळ्याचं. पण तो पहिल्यापासून घाईचा."

"मग पेन घ्या."

सही: प्रॉपर्टीवाली

साक्षीदार: १. मेकअपदादा. २. खालच्या मजल्यावरचे शिंपी, त्यांनी वाचून न बघता सही केली, नळ कोण सोडतंय म्हणून विचारलं आणि गेले.

ठिकाण: स्वयंपाकघर, सिंककडे पाठ करून.
तारीख: आजची. दादा घालतोय, मला उठायचंय.